कॉलेजसाठी छोटा गेमिंग लॅपटॉप: आधी चार्जर काट्यावर ठेव

प्रश्न थोडक्यात असा: "काका, मी कराडची. यंदा पुण्यात मेकॅनिकलला प्रवेश मिळालाय, हॉस्टेलवर राहणार. पुढे सॉलिडवर्क्स (थ्रीडी डिझाइनचं) आणि अन्सिस (ताण, उष्णता तपासायचं) ही सॉफ्टवेअर लागतात असं सीनियर सांगतात. मी व्हॅलोरंट खेळते, सुट्टीत जीटीए ५. लॅपटॉप छोटाच हवा, रोज बॅगेतून न्यायचाय. बजेट ९० हजार, ताणून १ लाख १० हजार. बाबांचं म्हणणं, अभ्यासाला गेमिंग लॅपटॉप म्हणजे पैशांची नासाडी. काय घेऊ?"

आधी बाबांचं बघू, कारण पैसे ते देणार आहेत. त्यांना सांग की 'गेमिंग' हा शब्द खोक्यावरचा आहे. खोक्याच्या आत वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं, जरा दणकट प्रोसेसर असतो आणि दोन्ही थंड ठेवायला दोन फॅन असतात. मेकॅनिकलच्या पोरांना तिसऱ्या वर्षी नेमकं हेच लागतं. लाल-निळे दिवे बंद करता येतात.

पण बाबा अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग कुठल्याही साध्या लॅपटॉपवर होतं. सॉलिडवर्क्समध्ये पार्ट बनवताना बहुतेक भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडतो. ग्राफिक्स कार्ड लागतं ते मोठी असेंब्ली, म्हणजे बरेच पार्ट जोडून केलेलं यंत्र, पडद्यावर गरगर फिरवायला. शिवाय सॉलिडवर्क्सच्या अधिकृत यादीत असतात ती वर्कस्टेशनची महागडी कार्डं. एनव्हिडिया कंपनीची जीफोर्स ही गेमिंगची कार्डं तिथे धरलेली नसतात, त्यामुळे रिअलव्ह्यूसारखा (पार्ट खऱ्यासारखा चकचकीत दाखवणारा) एखादा पर्याय बंद दिसेल. चाळीस-पन्नास पार्टच्या कॉलेज प्रोजेक्टला त्याने काही अडत नाही. अन्सिसला कार्डापेक्षा रॅमची भूक जास्त. आणि व्हॅलोरंट तर प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सवरही नीट चालतं, ते मुळात साध्या मशिनवर चालावं म्हणूनच बनवलंय. जीटीए ५ पीसीवर आला २०१५मध्ये. त्याला आजचं कुठलंही वेगळं कार्ड पुरून उरतं.

म्हणजे तुझ्या यादीतलं एकही काम मोठं कार्ड मागत नाही. जीफोर्समधलं आरटीएक्स ४०५० किंवा त्याच्या पुढच्या पिढीतलं ५०५० तुला चार वर्षं पुरेल. दुकानदार 'फ्युचर प्रूफ' म्हणत ४०७० दाखवायला लागला की पाणी पिऊन ये. आणि मॅकचा विचार मनात असेल तर सोडून दे. सॉलिडवर्क्स आणि व्हॅलोरंट, दोन्ही त्यावर चालत नाहीत.

आता 'छोटा' या शब्दाकडे वळतो. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

माझ्या लॅपटॉपच्या दुकानात काउंटरवर सामान तोलायचा हूकवाला काटा टांगलाय. कोणी "हलका दाखवा" म्हटलं की मी लॅपटॉप, चार्जर आणि चार्जरची ती जाड वायर, तिन्ही एकाच पिशवीत घालून काट्याला अडकवतो. नेहमीचा १५.६ इंची गेमिंग लॅपटॉप सव्वादोन ते अडीच किलोचा असतो. त्याचा २३० वॅटचा चार्जर वायरीसकट पाऊण किलोच्या आसपास जातो, हातात घेतला तर विटेचा तुकडाच. झाले तीन किलो. त्यात वही, पाण्याची बाटली, डबा. पोरं पहिले पंधरा दिवस हौसेने नेतात, मग लॅपटॉप हॉस्टेलच्या टेबलावर बसतो तो बसतोच. उलट चांगल्यातले १४ इंची गेमिंग लॅपटॉप दीड-पावणेदोन किलोत बसतात. असूसचा टफ ए१४ साधारण १.४६ किलो, एचपीचा ओमेन ट्रान्सेंड १४ साधारण १.६ किलो.

पण निम्मा फायदा चार्जरमध्ये आहे, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. लॅपटॉप टाइप-सी पोर्टमधून चार्ज होत असेल तर मूळचा धोंडा खोलीवर ठेवायचा आणि बॅगेत ६५ किंवा १०० वॅटचा छोटा गॅन (गॅलियम नायट्राइडच्या चिपचा) चार्जर टाकायचा. ६५ वॅटवाला दीडशे ग्रॅमच्या आत मिळतो, फोनलाही चालतो. त्याच्यावर गेम धड चालणार नाही, पण वर्गातलं सगळं होतं. फक्त एक बघ: टाइप-सी पोर्ट दिसलं म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही. काही मॉडेलमध्ये ते नुसतं डेटा आणि डिस्प्लेपुरतं असतं. कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये त्या पोर्टपुढे 'पॉवर डिलिव्हरी' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. दुकानात शंका आली तर पोर्टमध्ये चार्जर खुपसून बघ, दिवा लागतो की नाही ते कळतं.

आता वॅट. हे जरा सावकाश वाच.

लॅपटॉपवर 'आरटीएक्स ४०५०' असा स्टिकर असतो. ते कार्ड किती वीज खाऊ शकतं हे मात्र लॅपटॉपची कंपनी ठरवते. एनव्हिडियानेच या कार्डाला ३५ पासून ११५ वॅटपर्यंतची मोकळीक दिलीय. भांडं तेच, खालचा गॅस बारीक की मोठा एवढाच फरक, पण भात शिजायला लागणारा वेळ त्यावरच ठरतो. एमएसआयच्या सायबॉर्ग १५मध्ये ४०५० कार्ड ४५ वॅटवर चालतं. तो लॅपटॉप १.९८ किलोचा आहे, ती त्या हलकेपणाची किंमत. त्याच नावाचं कार्ड असूसच्या जाडजूड टफ ए१५मध्ये शंभर वॅटच्या बरंच वर जातं. स्टिकर दोन्हींवर सारखाच. कार्डाच्या या वॅटच्या मर्यादेला टीजीपी म्हणतात. बॉक्सवर तो आकडा क्वचितच असतो, कंपनीच्या वेबसाइटवर बारीक अक्षरात असतो. दुकानदाराला विचार, "ह्याचा टीजीपी किती?" त्याला माहीत असेल तर उरलेले प्रश्नही त्यालाच विचार.

मग छोट्या लॅपटॉपला जास्त वॅट का देत नाहीत? उष्णता जाणार कुठे! दीड-दोन सेंटिमीटर जाडीच्या डबीत दोन पातळ फॅन आणि दोन-तीन तांब्याच्या नळ्या बसतात. वॅट वाढवले की एकतर फॅन किंचाळतात, नाहीतर चिप स्वतःच वेग कमी करून घेते. त्यात यूट्यूबवरची परीक्षणं एसीच्या खोलीत होतात. पुण्यात एप्रिल महिन्यात हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर, पत्रा किंवा गच्ची डोक्यावर असताना, संध्याकाळीही खोलीत ३५ अंश असतात. खोली दहा अंशांनी गरम झाली की आतली चिपही साधारण तेवढीच वर सरकते. परीक्षणात प्रोसेसरचा ८५ दिसलेला आकडा तुझ्याकडे ९५ होईल. घाबरू नकोस, चिप तेवढं सोसते, पण त्याच्या पुढे ती वेग कापते. तेव्हा छोट्यात ४०५० आणि ४०६०मधला फरक कागदावर दिसतो तेवढा उरतच नाही. दोन्ही ४५ वॅटवर बांधलेली असतील तर वरच्या कार्डासाठी वीस हजार जास्त मोजणं मला पटत नाही. फक्त मेमरीचा मुद्दा खरा: ४०५०वर ६ जीबी, ४०६० आणि ५०५०वर ८ जीबी. नवे जड गेम खेळणाऱ्याला ते जाणवतं. तुला नाही.

आता बजेट. सरळ सांगतो, धातूची बॉडी, झकास पडदा, मोठी बॅटरी असलेला १४ इंची गेमिंग लॅपटॉप तुझ्या पैशात नवा बसत नाही. झेफिरस जी१४, टफ ए१४, ओमेन ट्रान्सेंड यांचे भाव त्याच्या बरेच वर आहेत. (झेफिरस जी१४ पहिल्यांदा आला २०२०मध्ये आणि त्याला वेबकॅमच नव्हता. नेमकी त्याच वर्षी कॉलेजं ऑनलाइन झाली. पोरं हजारो रुपयांच्या लॅपटॉपवर हजार रुपयांचा कॅमेरा चिकटवून बसायची.)

तुझ्यापुढे मग तीन वाटा उरतात. पहिली, १४ किंवा हलका १५ इंची, प्लास्टिकची बॉडी, ४०५० कार्ड कमी वॅटवर, वजन १.६ ते २ किलो. दुसरी, नेहमीचा १५.६ इंची, त्याच पैशात जास्त ताकद, वजन सव्वादोन-अडीच किलो. तिसरी, वेगळं कार्ड नसलेला १४ इंची, ज्यात एएमडीच्या रेडिऑन ७८०एमसारखं अंगचं ग्राफिक्स आहे. तो दीड किलोच्या आत असतो, दिवसभर चालतो, व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळू देतो, पण मोठ्या असेंब्लीला धापा टाकतो.

मी तुझ्या जागी असतो तर पहिली वाट धरली असती. कारण एवढंच की तुझे गेम हलके आहेत आणि रोज न्यायचं तू स्वतःहून म्हणतेयस. मात्र कॅम्पसमधल्याच हॉस्टेलला खोली मिळाली, वर्गापासून चालत पाच मिनिटांवर, तर दुसऱ्या वाटेचा विचार कर. पहिल्या वर्षी वर्कशॉप आणि ड्रॉइंग हॉलच्या दिवशी लॅपटॉप लागतच नाही, हे सीनियरना विचारून घे. तिसरी वाट कॉम्प्युटरवाल्यांना चांगली. मेकॅनिकलला मी ती सुचवणार नाही.

आता असं बघ: लॅपटॉपमध्ये काही गोष्टी नंतर बदलता येतात, काही जन्माच्या असतात. पैसे जन्माच्या गोष्टींना दे. एसएसडी बदलता येते. ५१२ जीबी आली तरी पुढे मोठी टाकता येईल, फक्त दुसरा स्लॉट आहे का आणि तो २२८० (८० मिलिमीटर लांब) पट्टी घेतो की २२४२ (४२ मिलिमीटर) एवढं विचारून ठेव. बॅटरी बदलता येते. पडदा, वजन, थंड ठेवायची व्यवस्था आणि टीजीपी मात्र बदलत नाहीत. रॅमचं मॉडेलवर आहे. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुतेक वेळा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. मग जी घेतली तीच शेवटपर्यंत. टफ ए१४मध्ये तसंच आहे. सोल्डर केलेली असेल तर १६ जीबीच्या खाली बघूच नको, शक्य असेल तर ३२. स्लॉट असतील तर पूर्वी मी म्हणायचो, ८ची घे, पुढे दुसरी ८ टाकू. आता म्हणत नाही. २०२५च्या शेवटी रॅमचे भाव असे चढले की नंतर टाकायचा हिशोब कोसळला. १६ जीबी आतूनच घे, आणि ती ८-८च्या दोन पट्ट्या असेल तर उत्तम. एकच पट्टी असली की प्रोसेसरची मेमरीशी बोलायची वाट निम्मी होते, आणि व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये ते दिसतं.

पडद्याबद्दल एकच: पडदा किती रंग दाखवतो ते टक्क्यांत लिहितात, तिथे '४५ टक्के एनटीएससी' असं असेल तर पुढे जा. तो फिकट, धुरकट पडदा असतो, त्यावर लाल रंग विटकरी दिसतो. '१०० टक्के एसआरजीबी' हवं आणि उजेड ३०० निटच्या खाली नको, नाहीतर खिडकीजवळच्या बाकावर स्वतःचाच चेहरा दिसेल. १६:१० आकार मिळाला तर घे, ड्रॉइंगला उंची कामाला येते. प्रोसेसरवर मी काही लिहीत नाही. या किमतीत इंटेलचा एच मालिकेतला किंवा एएमडीचा त्याच तोडीचा जो येईल तो तुला पुरेल.

बॅटरीवर मात्र थांबतो, कारण "बॅटरी गेली" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या गेमिंग लॅपटॉपांपैकी कितीतरींची बॅटरी ठणठणीत असते. मागच्या पावसाळ्यात एक मुलगा आला. नवा लॅपटॉप, ५४ वॅट-अवरची बॅटरी, दोन तासांत संपते म्हणाला. मी चार्जर काढला, काहीही न उघडता बसलो. पंखा बंद होईना. टास्कबारच्या कोपऱ्यात ग्राफिक्स कार्डाचं चिन्ह रंगीत होतं, म्हणजे कार्ड जागं. कशामुळे? डेस्कटॉपवर हलणारा वॉलपेपर लावला होता, समुद्राच्या लाटांचा. तो कार्डावर चालत होता. साधं चित्र लावलं, कार्ड झोपलं. लॅपटॉप पंचवीस वॅट खात होता तो बारावर आला. ५४ भागिले १२, साडेचार तास. त्याने "किती झाले?" विचारलं, मी चहा सांगायला लावला.

तर कॉलेजमध्ये कार्ड झोपलेलं ठेवायचं, अंगच्या ग्राफिक्सवर काम करायचं. सेटिंगमध्ये 'हायब्रिड' किंवा 'ऑप्टिमस' ठेव. काही लॅपटॉपमध्ये मक्स स्विच असतो, तो गेम खेळताना पडदा थेट कार्डाला जोडतो. वर्गात तो तसाच राहिला तर दुपारपर्यंत बॅटरी कोरडी. आणि बॅटरीवर गेम खेळायची आशा कुठल्याही लॅपटॉपकडून ठेवू नकोस. बॅटरीवर तो मुळात पूर्ण वेगाने चालतच नाही, आणि तरी तासाभरात मान टाकतो. खोलीवर दिवसभर चार्जरला लावून ठेवणार असशील तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के कर. तिसऱ्या वर्षी बॅटरी फुगून टचपॅड वर आलेले लॅपटॉप मी आठवड्याला एखादा तरी बघतो.

हॉस्टेलबद्दल दोन-चार गोष्टी, ज्या कुठल्या परीक्षणात येत नाहीत.

गादीवर ठेवून खेळू नकोस. मी एक लॅपटॉप उघडला होता, त्यात फॅन आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये चक्क नमद्यासारखी जाड पट्टी बसलेली. चिमट्याने धरली तर अखंड निघाली. निळसर रंगाची, सोलापुरी चादरीच्या तंतूंची. लॅपटॉप जेमतेम दीड वर्षाचा. खाली कडक काहीतरी हवं, ड्रॉइंग बोर्ड आहेच तुझ्याकडे. आणि वर्षातून एकदा उघडून साफ करून घे.

हॉस्टेलच्या सॉकेटला अर्थिंग आहे का बघ. धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपला चार्जिंग चालू असताना मनगट टेकवलं की मुंग्या आल्यासारखं होतं, अशी तक्रार घेऊन बरेच येतात. लॅपटॉप बिघडलेला नसतो. चार्जरमधून जी अगदी किंचित गळती अर्थिंगमध्ये जायची ती बॉडीवर येते, कारण तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचं कन्व्हर्टर लावलेलं असतं. ते कन्व्हर्टर फेकून दे.

बिजागऱ्या. प्लास्टिकच्या बॉडीत त्यांचे स्क्रू छोट्या पितळी नटांत बसतात, आणि ते नट नुसते प्लास्टिकमध्ये रुतवलेले. एका हाताने, एका कोपऱ्याला धरून झाकण उघडायची सवय असेल तर दोन वर्षांत नट उपटून येतो आणि पडद्याची कड फाकते. कंपनी त्याला बहुधा 'फिजिकल डॅमेज' म्हणते आणि वॉरंटीत घेत नाही. माझ्या स्वतःच्या लेकीच्या लॅपटॉपचं हेच झालं. सर्व्हिस सेंटरवाल्याला मी नट दाखवला, त्याने मला नियम दाखवला. म्हणून सांगतो, झाकण मधोमध धरून उघड. दुकानात बघताना उघडझाप कर, कडेला करकर आवाज येत असेल तर दुसरं मॉडेल बघ.

पाऊस. सिंहगड रोडवरून दुचाकीवर मागे बसून येताना बॅगेची चेन पाण्याचीच वाट बघत असते. लॅपटॉपला वेगळी प्लास्टिकची पिशवी, मग बॅग, मग बॅगेला रेनकव्हर. भिजलाच तर चालू करून बघायचा मोह आवर, तसाच बंद घेऊन ये. पाण्याने बोर्ड जितके मरत नाहीत तितके 'चालतोय का बघू'ने मरतात.

खरेदी कधी? प्रवेश फेऱ्या संपेपर्यंत ऑगस्ट उजाडतो, आणि दसरा-दिवाळीच्या आधी ऑनलाइन मोठे सेल लागतात. पहिल्या सत्रात घरातल्या जुन्या लॅपटॉपवर भागत असेल तर तेवढं थांब, बँकेच्या कार्डाची सूट धरून चार-आठ हजार वाचू शकतात. अडत असेल तर थांबू नको. बिल तुझ्या किंवा बाबांच्या नावाचं पक्कं घे. मॉडेलचं मोठं नाव नव्हे, त्यापुढचा अक्षर-आकड्यांचा पूर्ण कोड बघ. एकाच नावाखाली चांगला पडदा आणि भिकार पडदा, दोन्ही विकले जातात. ऑनलाइन मागवलास तर खोकं फोडतानाचा सलग व्हिडिओ काढ. आणि वाढीव वॉरंटी घ्यायचीच झाली तर अपघाती नुकसानीचं कव्हर घे. हॉस्टेलमध्ये लॅपटॉप आपोआप बिघडण्यापेक्षा कोणाच्या तरी चहाने बिघडण्याची शक्यता जास्त.

दुकानातून घेणार असशील तर येताना तुझी रोजची कॉलेजची बॅग घेऊन ये, वह्या-डब्यासकट. लॅपटॉप आणि चार्जर दोन्ही खोक्यातून काढायला लाव, बॅगेत घाल, बॅग पाठीवर अडकव आणि दुकानाचा जिना दोनदा चढ-उतर. दुकानदार हसेल, हसू दे. बाबांनाही एकदा उचलायला दे.